काळ्या डोंगराखालची वाळू

आमच्या बेरनलोहे गावाच्या डोक्यावर एक काळा डोंगर आहे. त्याचे दगड उभ्या खांबांसारखे आहेत, चर्चमधल्या ऑर्गनच्या नळ्या ओळीने लावाव्यात तसे. मी या गावात एकतीस वर्षं शाळामास्तर होतो आणि त्या एकतीस वर्षांत त्या डोंगराबद्दल सगळ्या मुलांना एकच गोष्ट शिकवली. ती चूक होती. मला ते कळलं तेव्हा मी एकोणसाठ वर्षांचा होतो. ज्यांनी कळू दिलं त्यांचे आभार मानायचे राहून गेले आहेत, म्हणून हे लिहायला बसलो.

मी शिकवायचो ते असं. फार पूर्वी सगळी पृथ्वी एका गढूळ समुद्राखाली होती. त्या समुद्राचा गाळ हळूहळू तळाशी बसत गेला. आधी करडा पट्टेदार खडक, त्यावर वाळू, वाळूवर चिकणमाती आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यांच्या वर, आपला काळा दगड. मुलांना पटावं म्हणून मी काचेच्या बरणीत माती कालवून खिडकीत ठेवायचो. दुपारपर्यंत तिच्यात थर दिसू लागले की मुलं टाळ्या वाजवत.

या मताला नेप्च्यूनवाद म्हणत, रोमन लोकांच्या समुद्रदेवाच्या नावावरून. माझ्या तरुणपणी फ्रायबेर्गच्या खाणविद्येच्या शाळेत ते शिकवत आणि मी तिथे दोन हिवाळे मागच्या बाकावर बसून ते ऐकलं होतं. उलट बाजूचे लोक म्हणत की काळा दगड पृथ्वीच्या पोटातून वितळून वर आला. त्यांना पाताळाच्या देवावरून प्लूटोवादी म्हणत. मुलांनी दोन्ही शब्दांचं सोपं करून टाकलं होतं, पाणीवाले आणि आगवाले. बर्फाचे गोळे फेकायच्या खेळात ते असेच दोन पक्ष करत. आगवाल्यांकडे जायला कोणी तयार नसे, मग सगळ्यात लहान पोरांना तिकडे ढकलत.

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे, त्याच्या आदल्या वर्षी खाणीतलं पाणी काढून द्यायला डोंगराच्या खालून एक लांब बोगदा खणला होता. खाण कोरडी झाली, पण त्यापायी पुढच्या उन्हाळ्यात आमच्या गावचा झराही आटला. तेव्हापासून पाणी दरीतल्या ओढ्यावरून आणावं लागे. उतरायला वीस मिनिटं, चढायला चाळीस. पुरुष खाणीत, बायका लेस विणायला बसलेल्या. त्यांचे हात थांबले तर घरात बटाटे शिजत नाहीत. मग पाण्याला कोण जाणार? मुली. माझ्या वर्गात उजवीकडच्या दोन बाकांवर अकरा मुली बसायच्या. त्या सप्टेंबरपासून ते बाक रिकामे होते.

आणि हिवाळा पुढे होता. बर्फ पडला की दरीची वाट बंद होते. बर्फ वितळवून प्यावा तर लाकूड लागतं आणि आमच्याकडे बहुतेक सगळं लाकूड खाणीला जातं.

गावाने खाणकचेरीत खेटे घातले. ऑक्टोबरच्या मध्याला तिथून उत्तर आलं. सहा खाणकामगार बारा दिवसांसाठी विहीर खणायला मिळतील. बारा दिवसांनी ते परत जातील, पाणी लागो वा न लागो. त्यांच्याबरोबर मुकादम म्हणून श्राइटर आला. तो आमच्याच गावचा, माझ्याच हाताखाली शिकलेला. आणि जमिनीची मोजणी करायला आला लेबरेख्ट ऊलिख. तोही माझाच विद्यार्थी. आता तिशीचा, चष्मा लावलेला, फ्रायबेर्गहून नवं शिकून आलेला.

चर्चसमोर सगळं गाव जमलं. मी लेबरेख्टला म्हटलं, "जागा शोधायला वेळ कशाला घालवायचा? पश्चिमेच्या दगडखाणीत काळ्या दगडाखाली वाळू दिसतेच आहे. वाळूत पाणी साठतं. समुद्राचा थर सगळीकडे सारखा असतो. तेव्हा तीच वाळू त्याच उंचीवर गावाच्या मागेही असणार. तिथेच खणा."

लेबरेख्टने चष्मा काढून पुसला. लहानपणी तो अडला की नाक पुसायचा, आता चष्मा पुसत होता.

"मास्तर, राग मानू नका. पण तो समुद्र नव्हता. काळा दगड वितळलेला होता. लापशी सांडावी तसा तो एका जुन्या दरीतून वाहत आला आणि तिच्यात थिजला. दरीच्या तळाशी नदी होती. ती वाळू त्या नदीची. नदी जिथून गेली तिथेच वाळू असणार, सगळीकडे नाही."

"म्हणजे आगवाला झालास तू!" श्राइटर ओरडला आणि सगळे हसले. "मास्तर, बघा, तुमच्या हाताखालून आगवाला निघाला!"

"बरं," मी म्हटलं, "मग सांग, नदी कुठून गेली?"

"ते मला माहीत नाही."

"झालं!" मागून एक म्हातारी म्हणाली. "याला नदी माहीत नाही आणि हा मास्तरांना शिकवतोय. लेबरेख्ट, तुझ्या आईला मी ओळखते हो."

लेबरेख्ट कानापर्यंत लाल झाला. पण तो सरळ माणूस. म्हणाला, "मास्तरांना निदान एक जागा माहीत आहे. माझ्याकडे एकही नाही. तिथेच सुरू करू."

सोमवारी गावाच्या मागे खणायला सुरुवात झाली. मी रोज शाळा सुटल्यावर तिथे जाऊन उभा राही. काळे धोंडे निघाले, त्यांच्याखाली माती निघाली. मला वाटे, आता वाळू. शनिवारी दुपारी, अडीच परस, म्हणजे अडीच पुरुष खोलीवर, पहारीचा आवाज बदलला. वर आलेल्या टोपलीत करडा पट्टेदार खडक होता. वाळू नाहीच. माझ्या समुद्राचा एक अख्खा थर तिथे नव्हता.

खाणीत ज्या खडकात काही सापडत नाही त्याला बहिरा खडक म्हणतात, कितीही ठोका, तो उत्तर देत नाही. श्राइटरने टोपलीतला तुकडा हातात फिरवला. "बहिरा," तो म्हणाला. बारातले सहा दिवस संपले होते.

मी घरी जायला वळलो तेव्हा श्राइटरने मला हाक मारली.

"मास्तर, खूण राहिली."

आमच्याकडे रीत आहे. खोदकाम जिथे थांबतं तिथे खडकावर छिन्नीने खूण करायची. ज्याने जागा सांगितली त्याच्या नावाचं अक्षर आणि वर्ष. सोनं लागलेलं असो की बहिरा खडक, खूण करायचीच. ती कोणी पुसत नाही. पुसणाऱ्याला आमच्या गावात कोणी मुलगी देत नाही.

मी म्हटलं, "अरे, माझी फजिती दगडात कोरून ठेवायची का आता?"

"फजिती कसली, मास्तर? पुढच्या माणसाला कळायला नको, इथे खणून झालंय म्हणून? तुम्ही सहा दिवसांत एक जागा बाद केलीत. तेही कामच आहे. उतरा. मी शिडी धरतो."

मी उतरलो. खाली थंड होतं. छिन्नी धरायची सवय नसल्याने माझं अक्षर वाकडं आलं. शिडीवरून वर येताना मला एक गोष्ट आठवली आणि मी तिथेच थांबलो. श्राइटर वरून म्हणाला, "काय झालं, मास्तर? छातीत दुखतंय का?"

"नाही," मी म्हटलं. "वह्या."

दर शरद ऋतूत मी मुलांना डोंगराभोवती पाठवायचो. प्रत्येकाला एक जागा ठरवून दिलेली. बिज्जूचं बीळ, पडलेलं बीचचं झाड, जुनी कोळसाभट्टी, असं काहीतरी. तिथे उकरून पाहायचं, किती वितीवर माती, किती विती वाळू, कुठे काळा दगड. ते वहीत लिहून आणायचं. समुद्राचा थर सगळीकडे सारखा आहे, हे मुलांनी स्वतःच्या हाताने पाहावं, एवढाच माझा हेतू. एकतीस वर्षांच्या त्या वह्या लेसच्या दोऱ्याने बांधून शाळेच्या कपाटात पडल्या होत्या. त्यातून उलट उत्तर निघू शकेल, असं मला कधी वाटलंच नव्हतं.

रविवारी प्रार्थना झाल्यावर मी गठ्ठे काढून बाकांवर मांडले. लेबरेख्टने फळ्यावर खडूने डोंगराचा गोल काढला आणि एकेक वही वाचून त्यावर ठिपके मांडू लागला. थोड्या वेळाने तो थांबला.

"मास्तर, हे तांबड्या शाईने काय लिहिलंय? 'नीट पाहून ये.' इथे पुन्हा. इथेही."

मला सांगायला जड गेलं. "वाळू लागली नाही असं ज्याने लिहिलं, त्याला मी तसं लिहायचो. वाळू असणारच, मुलानेच आळस केला असणार, असं मला वाटायचं."

लेबरेख्टने पुढची वही उघडली. बराच वेळ पानं उलटत राहिला, ठिपके मांडत राहिला. मग मागे सरकून फळ्याकडे बघत म्हणाला, "मास्तर, तुम्ही नदीचे दोन्ही काठ तांबड्या शाईने आखून ठेवलेत."

मी पाहिलं. तांबड्या शाईच्या जागा दोन बाजूंना पडल्या होत्या आणि त्यांच्यामधून एक वाट पश्चिमेच्या दगडखाणीपासून ईशान्येकडे वळत गेली होती. पण ती वाट मध्येच पुसट होत होती. तिथे काही वह्या सांगत वाळू आहे, शेजारच्याच सांगत, 'नाही'.

"यात खोटं लिहिलेलंही असणार," लेबरेख्ट म्हणाला. "तुमची तांबडी शाई पाहिल्यावर किती जणांनी खरं लिहिलं असेल?"

"कोणी लिहिलं असेल खोटं?"

"मास्तर, निम्मे लोक अजून गावातच आहेत. विचारू या."

दुपारी शाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. मोठमोठी माणसं लहान मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. लेबरेख्ट नाव पुकारी आणि विचारी, "खरं की खोटं?" सुरुवातीला कोणी तोंड उघडेना. मग श्राइटर उभा राहिला, टोपी हातात घेऊन.

"बिज्जूचं बीळ. वाळू सात विती. मास्तर, मी तिथे गेलोच नव्हतो. मला बिज्जूची भीती वाटायची. शेजारच्याची वही बघून लिहिलं."

"आणि मी तुला शाबासकी दिली होती," मी म्हटलं.

"सफरचंदही दिलं होतंत. अजून आठवतंय, आंबट होतं."

त्यानंतर मात्र धरण फुटावं तसं झालं. एकाने सांगितलं, "आधी 'नाही' लिहिलं होतं, तुम्ही तांबडं लिहिलंत म्हणून पाच विती करून टाकलं." दुसरा म्हणाला, "माझं खरं होतं, मास्तर, मी तीनदा जाऊन आलो आणि तीनदा 'नाही'च लिहिलं. तुम्ही मला वर्गाबाहेर उभं केलंत." मी उठून त्याची माफी मागितली. तो आता चार मुलांचा बाप आहे. लाजून म्हणाला, "राहू द्या हो, बाहेर ऊन छान होतं." लेबरेख्ट खोटे ठिपके ओल्या फडक्याने पुसत होता, खरे गडद करत होता आणि नदी हळूहळू फळ्यावर उमटत होती.

शेवटी एकच मोकळी जागा उरली, ईशान्येचा कडा. तिथे वरून कोसळलेल्या काळ्या धोंड्यांची मोठी रास आहे. तिथली एकच वही होती.

"कोंकोर्डिया नेस्टलर," लेबरेख्टने वाचलं. "वय नऊ. 'धोंड्यांच्या मध्ये शिरले. उकरत गेले, अकरा विती वाळू, मग हात पुरेना, मोजता आलं नाही. महिनाभर पाऊस नसूनही वाळू ओली होती. मोजे भिजले म्हणून आईने मारलं.' आणि खाली तांबड्या शाईत, 'ओलेपणा विचारलेला नाही. विषयाला धरून लिही.'"

सगळ्यांच्या माना वळल्या. कोंकोर्डिया दाराशी उभी होती, तिची मुलगी एर्डमूटे बाजूला. एर्डमूटे माझ्या त्या अकरांतली एक. तिच्या खांद्यावर पाण्याच्या कावडीने घट्टा पडला होता, सदऱ्याच्या गळ्यातून तो दिसत होता.

"कोंकोर्डिया," मी विचारलं, "खरं की खोटं?"

"मास्तर, मोज्यांसाठी मार खाल्ला मी. खोट्यासाठी कोण मार खाईल?"

सोमवारपासून माणसं धोंडे हलवू लागली. खाणकामगार सहा होते, पण गावातल्या बायकांनी लेस विणायच्या उशा बाजूला ठेवल्या आणि धोंडे हातोहात खाली पोहोचवले. बुधवारपर्यंत रास बाजूला झाली. खड्ड्याच्या वरच्या अंगाला काळा दगड उघडा पडला होता. लेबरेख्टने मला हात धरून खाली नेलं.

"इथे बोट ठेवा, मास्तर. दगडाच्या लगेच खाली."

काळ्या दगडाला टेकलेली चिकणमाती लाल आणि कडक झाली होती. नखाने टोकरली तर खापरीसारखी वाजली. एक हात खाली तीच माती मऊ, पिवळट होती. विटांची भट्टी मी आयुष्यभर पाहिली आहे. पाण्यात बसलेल्या दगडाने माती भाजत नाही.

"कधीपासून माहीत होतं तुला?" मी विचारलं.

"फ्रायबेर्गला कळलं. पण शंका इथलीच. आठ वर्षांचा असताना मी तुम्हाला म्हटलं होतं, हा दगड जळल्यासारखा दिसतो."

"मी काय म्हटलं होतं?"

"तुम्ही हसलात. मग म्हणालात, वर्षभरात शंभर तुकडे पाहा आणि पुन्हा सांग. मी खरंच शंभर पाहिले." त्याने नखातली लाल माती काढली. "तिथे माझ्या वर्गात पुष्कळ हुशार मुलं होती, मास्तर. दोन्ही वादांवर तासन् तास बोलायची. पण नऊ वर्षांच्या मुलीसारखा वाळूत हात घातलेला एकही नव्हता."

मला त्याला काहीतरी म्हणायचं होतं. तेवढ्यात वरून मातीची टोपली आमच्या डोक्यावर सांडली आणि श्राइटर ओरडला, "बाजूला व्हा, पंडितांनो! इथे लोकांना काम आहे!"

गुरुवारी वाळू लागली. शुक्रवारी ती ओली निघू लागली. शनिवारी, बाराव्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला खालच्या माणसाने बूट काढून वर फेकले. सगळ्यांना कळलं. पाणी त्याच्या गुडघ्यापर्यंत आलं होतं, गार आणि वाळूने थोडं गढूळ. दुपारपर्यंत ते निवळलं. पहिली बादली कोंकोर्डियाला दिली. ती दोन्ही हातांनी प्यायली, मग बाहीने तोंड पुसून म्हणाली, "तेव्हाचीच चव आहे. मोज्यांनी चाखली होती."

लेबरेख्ट संध्याकाळी निघाला. मी त्याला गावाच्या वेशीपर्यंत सोडायला गेलो. त्याच्या पिशवीत मी कोंकोर्डियाच्या वहीची नक्कल घातली होती. मूळ वही द्यायला मन झालं नाही. ती कपाटात आहे, तांबड्या शाईसकट. मी त्या शाईवर रेघ मारलेली नाही, तिच्या बाजूला काळ्या शाईने लिहिलं आहे, 'बरोबर होतं', आणि वर्ष.

आता उरलं ते वर्गाचं. सोमवारी मी शाळेत गेलो तेव्हा उजवीकडचे दोन्ही बाक भरलेले होते. अकराच्या अकरा. त्यांचा अभ्यास मागे पडला होता आणि त्या एकमेकींना कोपराने ढोसत होत्या, म्हणजे सगळं ठीक होतं. मी बराच वेळ त्यांच्याकडे पाहत उभा राहिलो. मुलांना वाटलं, मास्तर रागावलेत.

मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत नेप्च्यूनवाद लिहिलं. म्हटलं, "हे चूक आहे. मी तुम्हाला शिकवलं, तुमच्या आईबापांना शिकवलं, आणि ते चूक आहे. आपला डोंगर आगीतून आला."

लहान पोरांपैकी एकाने बाकावर उडी मारली. "म्हणजे बर्फात आम्ही जिंकलो!"

"जिंकलात," मी म्हटलं. "खाली बस."

एर्डमूटेने हात वर केला. "मास्तर, चूक आहे तर मग तो शब्द लिहिलात कशाला? पुसून टाका."

मी विचार करून उत्तर दिलं, कारण तिने विचार करून विचारलं होतं. "हा शब्द नसता तर मी तुझ्या आईला डोंगरावर वाळू मोजायला पाठवलं नसतं. या शब्दाने मला चुकीचं उत्तर दिलं, पण कुठे जाऊन पाहायचं तेही सांगितलं. शहरातले आपले औषधवाले मरेपर्यंत म्हणायचे की जळणाऱ्या वस्तूतून फ्लॉजिस्टन नावाचं काहीतरी निघून जातं. तसं काही निघत नाही, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. पण ते शोधायचं म्हणूनच लोक जळत्या वस्तू तराजूत घालायला शिकले. असे शब्द म्हातारे होतात, ग. त्यांना कामाला लावायचं नाही, पण घराबाहेरही काढायचं नाही. आणि कोणी कोणाला काय शिकवलं, ते विसरायचं नाही."

"मग आगवाल्यांचं तरी खरं आहे ना?"

"आज तरी तसं दिसतंय."

"आणि उद्या?"

"उद्या काय दिसेल ते तू मला सांगायचंस. मी नसलो तर जो इथे उभा असेल त्याला. त्याने तांबड्या शाईने काही लिहिलं तरी सांगायचंस."

ती समाधान झाल्यासारखी बसली, मग लगेच पुन्हा उठली. मुलींना इतक्या दिवसांनी बोलायला मिळालं होतं.

"मास्तर, मी सकाळी विहिरीवर गेले होते. जमिनीवर कडक दव गोठलंय, पण विहिरीतून वाफ येत होती. पाणी तर गार आहे, मग वाफ कशी?"

मला उत्तर माहीत नव्हतं. तसं सांगितलं. वर्गात कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणालं आग अजून खाली असणार, कोणी म्हणालं पाणी गार नाहीच, हवा जास्त गार आहे. दोघेही हातघाईवर येतील अशी लक्षणं दिसू लागली.

कोपऱ्यात उष्णतामापक टांगलेला होता. माझ्या वर्गातली एकच महागडी वस्तू, तिला हात लावायची कोणाला परवानगी नव्हती. मी तो खुंटीवरून काढून एर्डमूटेच्या हातात दिला.

"बूट घाला सगळ्यांनी," मी म्हटलं. "आणि वह्या घ्या."